फोटोतली गाडी आणि दारातली गाडी

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागतात न लागतात तोच, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, तिकडे अमेरिकेतल्या लास व्हेगास शहरात एक मोठी जत्रा भरते. जत्रा मोटारींच्या सुट्या भागांची. तिला ‘सेमा शो’ म्हणतात. तुमच्याआमच्यासारख्यांना तिचे दार मुख्यतः बंदच. आत जायचे ते कारखानदारांनी, दुकानदारांनी, गॅरेजवाल्यांनी आणि अर्थातच वार्ताहरांनी. असे असूनही २०२४ साली त्या चार दिवसांत दीड लाखाहून अधिक माणसे तिथे लोटली होती.

आता तुम्ही म्हणाल, सुट्या भागांच्या जत्रेत पाहण्यासारखे ते काय असणार? नट, बोल्ट, फिल्टर, दिव्यांच्या काचा, टायर आणि तेलाचे डबे! पण त्या आठवड्यात वर्तमानपत्रांची मोटारींची पाने उघडा, किंवा घरातल्या एखाद्या तरुणाच्या मोबाइलमध्ये डोकावा. नट-बोल्टांचे नाव नाही. दिसतात त्या गाड्या! कुणी जांभळी, कुणी सोनेरी, एखादीची चाके माणसाच्या कमरेला लागणारी, तर एखादी इतकी बसकी की तिच्याखालून मांजर जायचे नाही. आमच्या पुतण्याला या गाड्यांचे भारी वेड. जेवणाच्या ताटावरसुद्धा तो एकेक चित्र पुढे करीत असतो. “काका, ही बघा! काकू, ही बघा!”

गेल्या वर्षी आमच्या सौभाग्यवतींनी अशा पाचसहा गाड्या शांतपणे पाहिल्या आणि मग त्याला विचारले, “अरे, पण या प्रदर्शनात विकायला काय ठेवलंय?”

पुतण्या म्हणाला, “गाड्या नाहीत काकू, पार्ट्स. त्या गाड्यांवर लावलेले.”

“मग पार्ट्स दाखव की! साडीच्या दुकानात जाऊन नुसत्या पुतळ्याचा फोटो काढून आणलास, तर साडीचा पोत मला कसा कळायचा?”

पुतण्या निरुत्तर झाला. मी मात्र तेव्हापासून विचारात पडलो आहे. कारण त्या एका प्रश्नात मोटारीच्या पत्रकारितेचे सारे दुखणे आले.

या व्यापाराला इंग्रजीत ‘आफ्टरमार्केट’ म्हणतात. गाडी एकदा विकली गेली, की तिच्यामागे जो बाजार उभा राहतो तो हा. आपल्या भाषेत सांगायचे तर नवी गाडी घेणे म्हणजे लग्न आणि आफ्टरमार्केट म्हणजे संसार. लग्नाला मांडव असतो, सनई असते, फोटोग्राफर असतो. संसारात रोजचे मीठमिरची. ब्रेकचे पॅड झिजतात, बॅटरी उतरते, वायपरचे रबर फाटते, क्लच बसतो. लग्नाचा खर्च एकदाच डोळे पांढरे करतो. संसाराचा खर्च दरमहा थोडाथोडा. आणि माणूस सुखी की दुःखी, हे लग्नातल्या जेवणावळीवरून ठरत नाही, संसारावरून ठरते. नेमके तिथेच आपले वार्ताहर जेवणावळ आटोपून पान-सुपारी घेऊन निघून जातात!

हे असे का होते, ते समजायला थोडे मागे जावे लागेल. १९४८ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये हौशी तरुणांनी स्वतः सुधारलेल्या वेगवान गाड्यांचे एक प्रदर्शन भरले. त्याची प्रसिद्धी करण्याच्या कामावर रॉबर्ट पीटरसन नावाचा एकवीस वर्षांचा तरुण होता. त्याने एका मित्राच्या जोडीने याच विषयावर ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक काढले. पहिल्या अंकाच्या पाच हजार प्रती छापल्या आणि पंचवीस सेंटला एक याप्रमाणे त्या प्रदर्शनाच्या जागीच विकायला सुरुवात केली. पुढे त्यातून मासिकांचे एक मोठे साम्राज्य उभे राहिले. म्हणजे पाहा, प्रदर्शन आणि त्याची बातमी देणारे मासिक ही एकाच घरातली भावंडे. बातमी आणि जाहिरात यांच्यामध्ये भिंत उभी राहायच्या आधीच दोघांची चूल एक होती.

पण त्या मासिकाच्या पदरात एक पुण्यही बांधले पाहिजे. त्याचे आरंभीचे संपादक वॉली पार्क्स. तरुण मुले रस्त्यांवर शर्यती लावून हातपाय मोडून घेत होती, क्वचित जीवही गमावीत होती. नुसत्या शर्यतींची वर्णने छापून खप वाढवणे पार्क्सना सोपे होते. त्यांनी १९५१ साली शर्यतींना नियम आणि स्वतंत्र धावपट्ट्या मिळाव्यात म्हणून एक राष्ट्रीय संघटना उभी केली. १९६३ साली सुट्या भागांच्या कारखानदारांनी ‘सेमा’ ही आपली संघटना काढली, तेव्हा तिच्याही सुरुवातीच्या कामांत एक काम होते ते शर्यतीच्या गाड्यांच्या भागांसाठी सुरक्षिततेचे निकष ठरवण्याचे. फिरते चाक फुटून त्याचे तुकडे चालवणाऱ्याच्या पायात घुसू नयेत, एवढी साधी गोष्ट. पण ती कुणीतरी विचारावी लागते. त्या काळी विचारली गेली.

१९६७ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये, प्रेक्षकांच्या बैठकांखालच्या जागेत, सेमाचे पहिले प्रदर्शन भरले. आजच्या मानाने ते एखाद्या गल्लीतल्या गणेशोत्सवाएवढे. १९७७ साली प्रदर्शन लास व्हेगासला गेले आणि तिथल्या दिव्यांच्या लखलखाटात चांगलेच रमले. गर्दी वाढली तसा एक पेच पडला. शेकडो टेबलांवर शेकडो भाग मांडलेले. लोकांनी आपल्याच टेबलाशी का थांबावे? यावर तोड निघाली ती अशी. एक गाडी घ्यायची, तिच्यावर आपली चाके, आपले दिवे, आपले रंग चढवायचे आणि ती दाराशी उभी करायची. आमच्या सौभाग्यवतींचा पुतळा तो हाच! त्यात गैर काहीच नाही. दुकानदाराने पुतळा सजवावाच. फक्त पाहणाऱ्याने पुतळा म्हणजेच माल असे समजू नये.

खरी गंमत तर पुढेच आहे. त्याच शहरात, त्याच आठवड्यात, सेमापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, आणखी एक प्रदर्शन भरते. त्याचे नाव ‘आपेक्स’. तिथे पुतळे फारसे नाहीत. तिथे ब्रेकचे पॅड, तेलाचे आणि हवेचे फिल्टर, बेअरिंग, पट्टे, पाण्याचे पंप आणि गाडीचा आजार ओळखणारी स्कॅनर यंत्रे. जगातल्या कोट्यवधी साध्या गाड्या ज्याच्या जोरावर रोज सकाळी सुरू होतात, तो सारा संसार तिथे मांडलेला असतो. व्यापाराची नियतकालिके तिथे जातात, इमानाने लिहितातही. पण ती वाचतो कोण, तर व्यापारी. तुमच्याआमच्या घरी येणाऱ्या पानावर आणि आमच्या पुतण्याच्या मोबाइलवर आपेक्सची एक ओळ उमटली, तर मला कळवा. मी पेढे वाटीन.

हे अमेरिकेचे झाले. पण आपल्याकडे निराळे काय आहे? दिल्लीचा ऑटो एक्स्पो १९८६ साली सुरू झाला, तेव्हापासून पुष्कळ वर्षे गाड्या आणि सुटे भाग एकाच प्रगती मैदानावर नांदत होते. १० जानेवारी २००८ या दिवशी रतन टाटांनी तिथे नॅनो गाडीवरचा पडदा दूर केला. त्या दिवशीची गर्दी आणि दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे पुष्कळांना आठवत असतील. एक लाखाची गाडी! साऱ्या जगाने ती बातमी छापली आणि छापायलाच हवी होती. पण ती किंमत बसवण्यात सुटे भाग करणाऱ्या कारखानदारांचा मोठा वाटा होता. त्यांनी कोणता भाग कसा हलका केला, कसा स्वस्त केला, हे विचारायला त्यांच्या दालनांकडे किती जण वळले असतील? मग फेब्रुवारी २०१४ मध्ये घरच वेगळे झाले. गाड्या ग्रेटर नोएडाला गेल्या आणि सुटे भाग प्रगती मैदानावरच राहिले. जानेवारी २०२५ मध्येही तीच वाटणी: गाड्या भारत मंडपममध्ये आणि सुटे भाग दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेच्या यशोभूमीत. वार्ताहराचे पाय कुणीकडे वळले असतील, हे ओळखायला ज्योतिषी नको.

इथे कुणी म्हणेल, “अहो, छापेनात बापडे गाड्यांची चित्रे! आपलं काय बिघडलं?”

काय बिघडते, ते सांगतो. माझे मेहुणे कोल्हापूरला असतात. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत ते मुलाबाळांसह गणपतीपुळ्याला निघाले होते. गाडी आठ वर्षांची, पण जपून वापरलेली. महिन्यापूर्वीच ब्रेकचे पुढचे पॅड नवे घातलेले. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितले होते, “कंपनीचाच माल आहे, फक्त बिलाशिवाय घेतलात तर थोडा स्वस्त पडेल.” आंबा घाट अर्धा उतरले आणि एका वळणावर ब्रेकचा पाय खाली जाऊ लागला. दाबावे तितके दाबले तरी गाडी ऐकेना. जळकट वास सुटला. मेहुणे मुळात थंड डोक्याचे. त्यांनी गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक बेताबेताने ओढला आणि डोंगराच्या बाजूला चारी घासत गाडी उभी केली. मागच्या सीटवर दोन मुले आणि सत्तरीच्या सासूबाई. कुणाला खरचटलेसुद्धा नाही.

साखरप्याच्या मिस्त्रीने चाक उतरवले आणि पॅडचा चुरा तळहातावर घेऊन दाखवला. “साहेब, ह्यो पॅड न्हवंच. खडूची वडी हाय ही!” घरी आल्यावर मेहुण्यांनी जपून ठेवलेला खोका काढून पाहिला. रंग तोच, चित्र तेच. नावातले एक अक्षर तेवढे बदललेले. फोनवर ते मला म्हणाले, “दाजी, गाडीच्या रंगावर मी आठ दिवस घालवले होते. ब्रेकवर आठ मिनिटं घालवावीत, असं मला कुणी कधी सांगितलंच नाही.”

“मला कुणी सांगितलंच नाही” हे त्यांचे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

घाट उतरताना ब्रेकवर काय गुदरते, याचा एक सोपा हिशेब करू. माणसे आणि सामान धरून दीड हजार किलोची गाडी पाचशे मीटर खाली येते. वरून खाली येताना जी शक्ती मोकळी होते, तिची उष्णता केली तर वीस लिटरहून अधिक थंड पाण्याला उकळी फुटेल. नरकचतुर्दशीच्या पहाटेचा अख्खा बंब म्हणा ना! यातली काही शक्ती इंजिन खाते, काही वारा खातो. राहिलेली सारी ब्रेकच्या पॅडवर. चांगल्या पॅडमध्ये ही उष्णता सोसणारे मिश्रण असते. नकली पॅडमधले चिकटद्रव्य तापले की सुटू लागते, घर्षण कमी होते आणि पाय दाबलेला असूनही गाडी पुढेच जाते. गावातल्या गावात सिग्नलला थांबताना हा फरक कळत नाही. कळतो तो घाटात, मुले मागे बसलेली असताना.

नकली मालाचा प्रश्न एकट्या आपल्या देशातला नाही. जर्मनीत फ्रँकफुर्टला १९७१ पासून ‘ऑटोमेखानिका’ नावाचे सुट्या भागांचे फार मोठे प्रदर्शन भरते. त्या प्रदर्शन-संस्थेला २००६ साली नकलेविरुद्ध खास मोहीमच उघडावी लागली. तिथे जर्मन जकात खात्याचे अधिकारी दालनांतून फिरतात आणि नकली वाटणारा माल उचलून नेतात. माझ्या मते एखाद्या सोनेरी गाडीपेक्षा ही बातमी दसपट मोठी आहे. पण जप्त केलेल्या फिल्टरचा फोटो दिसायला देखणा नसतो, त्याला कोण काय करणार!

दुसरी गोष्ट खिशाची. ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार-कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. ठपका असा की, या कंपन्या आपले सुटे भाग आणि दुरुस्तीची यंत्रे खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना, मिळू देत नाहीत. त्यामुळे गाडीवाल्याला कंपनीच्याच दारी जावे लागते आणि कंपनी सांगेल तो भाव द्यावा लागतो. पुढे प्रकरण अपिलात गेले. पण प्रश्न प्रत्येक घराचा होता: आपली गाडी आपल्या गल्लीतल्या विश्वासू मिस्त्रीकडे दुरुस्त करून घेण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली या हक्काचा कायदा मतदानाने केला आणि २०२० साली पुन्हा मतदान घेऊन त्याची व्याप्ती वाढवली. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’ या नावाचे संकेतस्थळ उघडले आणि त्यात मोटारींचा समावेश केला. दंडाची बातमी तेव्हा पहिल्या पानावर झळकली खरी. पण एकदोन दिवस. नंतर पुन्हा नवी गाडी किती वेगाने पळते, याची कौतुके सुरू.

वार्ताहरांनाच सगळा दोष देणे मात्र न्यायाचे नाही. त्यांच्यातले दोघेतिघे माझ्या ओळखीचे आहेत. एकाने मला सरळच सांगितले, “साहेब, ब्रेकवर मी दोनदा लिहिलं. संपादकांनी विचारलं, फोटो कुठाय? आणि वाचकांनी? वाचकांनी तर तेवढंही विचारलं नाही!” खरेच आहे. चार दिवसांत शेकडो दालने पाहायची, रात्री मजकूर पाठवायचा. अशा वेळी ज्याच्यावरचा पडदा वाजतगाजत उघडतो, त्याकडेच कॅमेरा वळणार. मोटारीच्या पानाला जाहिराती मिळतात त्या नव्या गाड्यांच्या. घाटात साथ देणाऱ्या पॅडची जाहिरात कोण देणार? आणि आपण तरी काय करतो? पान उघडल्याबरोबर आधी सोनेरी गाडीच पाहतो ना? आपण जे चवीने वाचतो, तेच पुन्हा पानात वाढले जाते.

तरीही एक मागणे मागावेसे वाटते. सुट्या भागांच्या प्रदर्शनाला जाणाऱ्या वार्ताहराने सोनेरी गाडीचा फोटो जरूर काढावा. फक्त तो काढून झाल्यावर शेजारच्या टेबलाशी जाऊन चार प्रश्न विचारावेत. हा भाग कुणी तपासला? खोक्यावरून खराखोटा कसा ओळखायचा? साध्या गाडीवाल्याला तो कुठे आणि काय भावाने मिळेल? आणि गल्लीतल्या मिस्त्रीला तो बसवता येईल का? या चार उत्तरांना चार ओळी पुरतात. तेवढी जागा सोनेरी गाडीच्या चाकाखालीसुद्धा सापडेल.

ते होईपर्यंत आपण आपल्यापुरते काही करू या. सुटा भाग घेताना बिल मागावे. नकली माल विकणाऱ्याला बिलाइतके दुसरे काही झोंबत नाही. खोक्यावरचे नाव अक्षरन् अक्षर वाचावे. पुष्कळ कंपन्या खोक्यावर मोबाइलने तपासण्याची चौकट छापतात, ती दुकानातच तपासावी. टायरच्या कडेला ‘डॉट’ या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नवा म्हणून जुना टायर गळ्यात पडत नाही ना, हे यावरून कळते. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. आणि काढलेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावा. नवा खरोखर बसवला, याची तेवढी तरी खूण.

आमच्या पुतण्याच्या कानावर हे सारे मी घातले. तरुणांना उपदेश आवडत नाही, म्हणून फक्त मेहुण्यांच्या घाटाची हकीकत सांगितली. तो जरा वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात टॉर्चचा उजेड दिसला म्हणून बाहेर गेलो, तर स्वारी आमच्या जुन्या गाडीच्या टायरशी उकिडवी बसून आकडे वाचत होती. मला पाहून म्हणाली, “काका, मागचे दोन सात वर्षांचे झालेत. बदलायला हवेत.”

टायर बदलले. पैसे गेले, ते मला कळले. पण सौभाग्यवतींनी हूं की चूं केले नाही. उलट त्या दिवशी पुतण्याच्या पानात एक करंजी जास्त पडली.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळ जण कोकणात, देवाला, माहेरी घाट उतरून जातील. गाडीला झेंडूची माळ जरूर घाला, पण त्याआधी एकदा चाक उतरवून ब्रेक पाहून घ्या. प्रवास सुखाचा होवो आणि दिवाळी सर्वांना आनंदाची जावो!